दुपारी दोनची नोंद

५ मे
नकाशात गोमतीबाईंची वस्ती पिवळी! म्हणजे उन्हाचा धोका बेताचा. दुपारी बसायला सरकारी थंड खोली फक्त लाल गावांना. शेलूबाजारहून तिथं पायी जाता जाता मलाच भोवळ आली होती — आणि म्हणे पिवळी.
नकाशा हवामानवाल्या रूपाली मॅडमचा, उपग्रहावरून केलेला. वरून तळ्याकाठची झाडं दिसतात. टिनाखालची माणसं दिसत नाहीत.

७ मे
मंगरूळपीरला बैठक. मी गावोगाव माहिती गोळा करणारी, टीममध्ये सगळ्यात खालची. तरी बोलले — घरातलं तापमान मोजा! अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "अर्शिया, भावनेवर धोरण बनत नाही. दहा घरं, रोज दुपारी दोनची नोंद. मग हिशेबात धरतो." मॅडमनी लगेच दहा तापमापक दिले. काय खूश झाले मी!

८ मे
गोमतीबाईंच्या भिंतीवर तापमापक लावला. त्यांची लेक वैभवी म्हणाली, मी लिहीन. गोमतीबाईंनी पेन सोडला नाही. "तू कामाले जाय. आकडे येतात मले!" एकही दिवस चुकवू नका, मी बजावलं.

१५ मे
गोमतीबाईंच्या नोंदवहीत सेहेचाळीस अंश. अक्षर किती सुबक.

१९ मे
गोमतीबाई गेल्या. काल दुपारी घरातच पडल्या, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. कागदावर 'हृदयक्रिया बंद'. उन्हाचा उल्लेख नाही.
वही वैभवीनं माझ्या हातात दिली. शेवटचा आकडा कालचाच. रडू आलं, पण तिच्यासमोर नाही रडले.

२३ मे
वस्ती लाल झाली! सरांनी दहाही वह्या हिशेबात धरल्या, मॅडमनी नकाशा बदलला. थंड खोली मिळणार. "तुझ्यामुळे झालं हे," सर म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण.

२४ मे
वैभवीला सांगायला गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, दुपारी आमच्या घरात कोणीच राहत नाही. बाया शाळेजवळच्या कडुलिंबाखाली बसतात. माय बी तिथंच बसे. पण दोनची वेळ चुकू नये म्हणून जेवली की घरात जाऊन बसे. एकटीच."
दुपारी तुम्ही कुठं असता, हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. मीही नाही.
अहवालात हे घालते आहे. माझ्या नावानं.