अमावास्येचं अपील

३ नोव्हेंबर, लातूर
दुकान उघडायला गेले तर शटरवर जीएसटीच्या थकबाकीचा आदेश डकवलेला. यांच्या नावाने. ‘वारंवार बोलावूनही करदाता हजर राहिला नाही.’
मीही बोलावते. येत नाहीत.
नोटिसा यांच्या मोबाईलवर येत होत्या म्हणे. हे गेले तेव्हापासून तो बंद, ट्रंकेत.

४ नोव्हें.
धाकटे दीर घेऊन कादरी वकिलांकडे. "भाभी, एकतर्फी आदेश झाला. वीस तारखेपर्यंत अपील, न्हाई तर दुकान गेलं समजा." यांनी भांडं-भांडं जोडून उभं केलेलं दुकान.

१९ नोव्हें.
कागद तयार. सहीला निघाले तर भाऊजी दारात आडवे.
"वहिनी, अमावास्या लागली. दादाच्या दुकानाचं काम आज न्हाई."
"उद्या शेवटचा दिवस आहे."
"उद्या दुपारी सरती की. मग करू."
हे अमावास्येला दाराला लिंबू बांधायचे, पण दुकान उघडंच ठेवायचे. भाऊजींना तेव्हाच सांगायला हवं होतं.

२० नोव्हें.
दुपारी गेलो. वकिलांच्या दाराला कुलूप. भाचीच्या लग्नाला हैदराबादला गेलेत म्हणे. फोन लागेना. भाऊजी कुलपाकडे बघत म्हणाले, "बघा, बाधलीच की अमावास्या."

२५ नोव्हें.
अपील दाखल. सोबत उशीर माफ करा असा अर्ज.
"कारण काय लिहू? कायद्यात अमावास्या न्हाई, भाभी. आजारपण लिहितो. डॉक्टर ओळखीचा हाय."
नको म्हटलं. लोक विचारतात बरी आहेस का, मी हो म्हणते. आता कागदावर कशाला आजारी पडू?
शेवटी ‘कौटुंबिक कारण’ लिहिलं. भाऊजी खूश. "म्हणजे मीच की!"

८ डिसेंबर, नांदेड
अपिलाची सुनावणी. एसटीत भाऊजींच्या मांडीवर पंचांग.
साहेबांनी विचारलं, "कौटुंबिक कारण म्हणजे नेमकं काय?" वकील खोकले. मी भाऊजींकडे बोट केलं.
मग सगळं खरं सांगितलं. साहेब हसले नाहीत. "उशीर माफ करायचा का, ते पुढच्या तारखेला. एकोणीस."
भाऊजींनी पंचांग उघडलं. "सायेब, त्या दिवशी बी अमावास्याच हाय. दुसरी..."
साहेबांनी पेन खाली ठेवलं.
"एकोणीसच द्या," मी म्हटलं.

१८ डिसें.
भाऊजी सकाळपासून घरी बसून. "वहिनी, ऐका. लई वाईट दिवस हाय." मी पिशवी भरत राहिले. शेवटी म्हणाले, "मग म्या बी येतो. पण लिंबू घिऊन."
घ्या म्हटलं.
उद्या पुकारा यांच्याच नावाने होईल. साहेब काय करतील कुणास ठाऊक. पण या वेळी हजर म्हणायला मी आहे.