तात्या रानात गेलेत

इंदापूर एसटी स्टँड,
चौकशी खिडकीमागचा बाक,
मंगळवार दुपार

ती. फुलाआक्का हिला,

निमगाव केतकीच्या जोतीरामचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि आमचे दाजी, तिघांचं कसं चाललंय ते कळव. (म्हशीचं आधी कळव, दाजींचं मला ठाऊक आहे, ते बरेच असतात.) इकडे मी बरा आहे. सिंधूचं आठवड्यातून तीनदा बारामतीला डायलिसिस चालू आहे, हे तुला माहीतच आहे. जाताना एसटीत बोलत असते, येताना खिडकीला डोकं टेकून गप्प असते. चार महिने झाले. घर विकून बारामतीला दवाखान्याजवळ फ्लॅट घ्यायचा, आपल्या लेकीच्या, माधवीच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये, हे ठरलंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की हा येण्याजाण्याचा प्रवास बाईला झेपणार नाही. तेव्हा घर दिवाळीआधी विकलं गेलंच पाहिजे. या पत्रातली बाकी सगळी भानगड त्यातूनच झाली आहे.

फोन सोडून पत्र का लिहितोय म्हणशील. घरात फोनवर बोललेलं सिंधूला ऐकू जातं. आणि (हे तू दाजींना वाचून दाखवू नकोस) आणखीही कुणाला ऐकू जात असावं. म्हणून इंदापूरला येऊन माझ्या जुन्या स्टँडवर बसून लिहितोय. तीस वर्षं जिथं कंट्रोलर म्हणून शिट्टी मारली, तिथं आता मला कुणी बाकावर सरकून जागासुद्धा देत नाही, पण ते असो. तुमच्या बावड्याच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्या हाती पत्र देईन.

तर घर विकायला एक एजंट धरला. दिग्विजय नाव, वय तिशीच्या आत, गळ्यात साखळी, तोंडात कायम 'पार्टी'. माणूस म्हणत नाही, पार्टी म्हणतो. त्यानं घराची पाहणी अशी केली की मला वाटलं माझंच स्थळ बघायला आलाय. मोरीच्या भिंतीची ओल बघितली आणि म्हणाला, हितं पुट्टी मारा आणि वर मोठं कॅलेंडर लावा. मी धबधब्याचं लावलं. (ओलीवर धबधबा नको होता, हे सिंधूनं नंतर सांगितलं.) बोअरला चैत्रात पाणी नसतं, तर टाकी टँकरनं भरून ठेवायची आणि पार्टी आली की नळ सोडून हात धुवायचे. मी दिवसातून नऊ वेळा हात धुवायला लागलो. नर्सरीतून गुडघ्याएवढी वाढलेली तुळस आणली. ती जणू बारा वर्षं आमच्याच दारात आहे, असं तोंड करून शेजारी उभं राहायचं. पार्टी यायच्या दहा मिनिटं आधी वेलदोडे घालून चहा उकळायचा, म्हणजे घराला वास येतो. तो चहा पार्टी पीत नाही, मला प्यावा लागतो. माझी झोप गेली ती या चहानं, असं मी सुरुवातीला समजत होतो.

मग त्याची नजर गेली तात्यांच्या फोटोवर. दारातून आत पाय टाकला की समोरच, चंदनी हार, काचेवर कुंकू, खाली झिरोचा बल्ब. तुला ठाऊकच आहे, तूच तो हार आणलेला. दिग्विजय म्हणाला, "काका, हे काढा. पार्टी आत आली की आधी गेलेला माणूसच दिसतो. ह्या घरात माणूस टिकत न्हाय म्हणत्यात." मी शिडी आणायला गेलो तर सिंधू फोटोखाली उभी. म्हणाली, सासऱ्याला माळ्यावर टाकून मला घर विकायचं न्हाय. आता तिच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही, आजारी नव्हती तेव्हाही नव्हती. मग मी मधला मार्ग काढला आणि तिथंच माझी अक्कल शेण खायला गेली. फोटो तसाच ठेवला. हार उतरवला, काचेवरचं कुंकू पुसलं, बल्ब काढला. झालं, भिंतीवर एका म्हाताऱ्या माणसाचा साधा फोटो. लाल पटका, कानात बाळी, नजर नेहमीसारखी, काहीतरी चुकलंय अशी.

पहिली पार्टी आली ती इंदापूरची, मास्तर आणि त्यांची बायको. बाईंनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, वडील. मग तोंडातून आपोआप निघालं, "रानात गेलेत, येतील इतक्यात." आक्का, मला खोटं बोलायचं नव्हतं. पण तीस वर्षं जी गाडी डेपोतून सुटलेलीच नाही तिला 'येतीये, पाच मिनिटांत लागेल' म्हणायची सवय. लोक शांत बसतात. तेही शांत बसले. सगळं घर बघितलं, खूश होऊन गेले. संध्याकाळी दिग्विजयचा फोन, पार्टी मोडली. का? तर गेटाशी तुमचे वडील भेटले, त्यांनी सांगितलं की त्या कॅलेंडरामागं ओल हाय, वर हात लावून बघा.

मला वाटलं, शेजारच्या तानूबाईच्या नवऱ्याचं हे काम. त्याला घर स्वतःला पाहिजे आहे. पण पुढच्या आठवड्यात भिगवणकडचा एक कंत्राटदार आला, त्यालाही गेटाशी 'वडील' भेटले आणि चैत्रातल्या बोअरचं बोलले. कंत्राटदार माझ्यावरच भडकला. म्हणाला, तुमच्यापेक्षा तो म्हातारा बरा, पायानं अधू हाय तरी गाडीपर्यंत सोडायला आला.

आक्का, फोटो छातीपर्यंतच आहे. त्यात पाय नाहीत. तात्यांचा डावा पाय लंगडायचा, हे भिगवणच्या माणसाला कसं कळणार? ते जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी त्या दिवशी वेलदोड्याचा चहा तीन कप प्यायलो आणि एकाचीही चव लागली नाही.

तात्या का बोलतात, ते मला समजत होतं आणि त्यानंच जास्त भीती वाटली. तुला आठवतं का, मेंढरं होती तेव्हा बाजारात मेंढी विकताना तात्या आधी तिची खोड सांगायचे. ही दूध कमी देते, हिचा एक सड बंद आहे, आता हात लाव आणि बोल. आई चिडायची, गिऱ्हाईक हसायचं आणि घ्यायचं. मेंढरं विकून हे घर बांधलं तेव्हा प्रत्येक वीट त्यांच्या हाताखालून गेली. तर घराची खोड माझ्यापेक्षा त्यांनाच ठाऊक, आणि सांगितल्याशिवाय ते विकू देणार नाहीत. शेजारी असता तर भांडलो असतो. भिंतीवरच्या बापाशी भांडायचं कसं?

मग मोरीत कप धुताना तीन दिसले. आम्ही माणसं दोन. सिंधूला विचारलं, कोण आलं होतं? ती तांदूळ निवडत होती, वर बघितलंही नाही. म्हणाली, "तात्या येत्यात की दुपारचं. तुमी झोपलेले असता." अगं, इतक्या साध्या आवाजात, जसं पेपरवाला येतो. मी म्हणालो, आणि बोलतात काय? तर म्हणाली, फार न्हाय बोलत, बसत्यात.

आजारी माणसाला गेलेली माणसं भेटायला लागली की जुनी माणसं काय म्हणायची, ते तुला मी सांगायला नको. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. पुढे तीन दुपारी सलग बसलो, झोपलो नाही. भर उन्हात, साडेबारा ते तीन. डोळ्यांना काही दिसलं नाही. पण ओल्या घोंगडीचा वास आला, पाऊस नसताना. आणि कोपऱ्यातली बाज मधोमध खाली गेलेली, कुणी बसल्यासारखी. मी हात लावला तर सुंभ ताणलेलं होतं. मी हात काढून घेतला आणि पाणी प्यायला आत गेलो, ते पाणी प्यायलोच नाही.

एवढ्यात सगळ्यांना दिसले, मास्तरांना, मास्तरणीला, भिगवणच्या परक्या माणसाला. तानूबाई तर म्हणाली, तुझा बाप बरा दिसतोय आजकाल. (मग आठवलं तिला, आणि ती आठवडाभर आमच्या दाराकडं बघेना.) मला एकट्याला नाही. पोटचा पोरगा मी, आणि मलाच दर्शन नाही. आक्का, भीतीपेक्षा याचं जास्त वाईट वाटलं. हसू नकोस.

चौथ्या दुपारी सिंधू निजली तेव्हा मी फोटोपुढं उभा राहिलो आणि तोंड सोडलं. लहानपणापासून कधी बोललो नव्हतो तसा बोललो. म्हणालो, तात्या, मी घर हौसेनं विकत नाही. सिंधूच्या किडन्या गेल्यात. दर खेपेला एसटीतून येताना ती आणखी थोडी कमी होऊन येते. तुम्ही ओल सांगा, बोअर सांगा, पण घर विकू द्या, नाहीतर ती माझ्या हातून जाईल. तुमची सून आहे ती, तुमचं शेवटचं दुखणं तिनं काढलंय. एवढं बोलून मी रडलो. तेवढ्यात आत सिंधू झोपेत काहीतरी पुटपुटली, मी कान दिला, ती 'व्हय' म्हणाली.

शुक्रवारी राजेश्वरी नावाची बाई नवऱ्याबरोबर आली, त्यांची गुलाबाची नर्सरी आहे. मी या वेळी चहा उकळला नाही, हातही धुतले नाहीत. त्यांनी घर बघितलं, गेटापर्यंत गेले आणि परत आले. मी मनात म्हणालो, संपलं. तर बाई म्हणाली, बाबांनी भिंतीपासून बोअरपर्यंत सगळं सांगितलं, आणि मग म्हणाले, सुनेला बारामतीला न्यायचीय, पोरगा सांगायचा न्हाय, भाव पाडू नका. घर आम्ही घेतो. जागेवर विसार दिला. दिग्विजय मला बाजूला घेऊन म्हणाला, काका, तुमच्या वडिलांना आमच्या धंद्यात आणा.

येत्या गुरुवारी खरेदीखत आहे, इथंच इंदापुरात. तोवर सिंधूची काळजी घेतोय. तू तुझी घे. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा
जोतीराम

ता. क. आक्का, एवढं लांबण लावलं ते एका कामासाठी. तू बुधवारी ये आणि येताना नवा हार घेऊन ये. राजेश्वरीबाईंनी अट घातलीय की किल्ली बाबांच्याच हातून घेणार. मी माणूस कुठून उभा करू? आणि मला सिंधूची भीती वाटते. ते रोज येतात, ती रोज त्यांच्याजवळ बसते. उद्या ते उठले आणि म्हणाले, चल. तेव्हा हार घालून हे थांबवलं पाहिजे. मी काल घालायला गेलो होतो, हात वर झालाच नाही. जो माणूस दुपारी चहा पिऊन जातो त्याच्या फोटोला हार घालणं म्हणजे काय, तू सांग. तू थोरली आहेस, तुझा हात वर होईल.

ता. क. दोन. मंगळवारी बावड्याची गाडी चुकली, म्हणून पत्र खिशातच राहिलं. आज बुधवार सकाळ, बारामतीच्या दवाखान्यातून लिहितोय. डायलिसिसच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नाहीत. चार तास सिंधू आत मशीनला एकटी आणि मी बाहेर बाकावर, असंच पहिल्यापासून चाललंय. मघाशी सिस्टर बाहेर आली आणि माझ्यावर ओरडली, त्या बाबांना सांगा, म्हातारं माणूस म्हणून बाहेर काढत नाही, पेशंटच्या पायाशी बसायचं तर बसा, पण वहाणा बाहेर काढून. मी दाराच्या काचेतून बघितलं. सिंधूजवळ कुणी नव्हतं. पण ती उशीवर मान वळवून कुणाकडे तरी बघत होती आणि हसत होती. चार महिन्यांत आत जाताना तिचा हात माझ्या हातात थरथरायचा, आज थरथरला नाही. ते मला आत्ता कळलं.

ता. क. तीन. फोनच करणार होतो, पण हे तुला लिहूनच सांगायचं होतं, म्हणून माधवीच्या गाडीवाल्याबरोबर पत्र पाठवतोय, आजच्या आज मिळेल. हार आणू नकोस. किल्लीचं मी काहीतरी बोलेन, बोलायची सवय आहे. तू मात्र ये, उद्या दुपारच्या आत ये, त्यांच्याजवळ बाजेवर बस. आणि तुला दिसले, तर माझ्या नावानं एवढंच विचार, की मी रानात गेलेत म्हणालो त्याचा राग अजून आहे का.