कात्रजच्या डोंगरावरची हेमाए

६ नोव्हेंबर
नवी जात सापडली! कात्रजच्या डोंगरावरून आणलेलं झुडूप आज झाडं दाबून वाळवायच्या प्रेसमधल्या रद्दीतून काढलं. असं फूल मी जन्मात पाहिलेलं नाही. (कॉलेजात आयुष्यभर शेवाळ शिकवलं, तरी फुलं कळतात.) नाव ठेवलं हेमाए. बायको हेमा, आणि लॅटिनमध्ये बाईचं नाव जातीला असं ‘ए’ लावून देतात. मी तिला कधी काही दिलं नाही, हा हेमाचा आरोप एका फटक्यात निकालात.

७ नोव्हेंबर
डोंगरावरच्या माझ्या टिपणात लिहिलंय, फुलं पांढरी, मोहरीएवढी. वाळलेलं फूल जांभळं, दोन इंची. दाबल्यावर पसरतंच. रंगही बदलतो. घाबरण्यासारखं काही नाही.

९ नोव्हेंबर
हेमाने बहिणीला, भिशीला आणि अख्ख्या सोसायटीला सांगितलं. खाली फलकावर अभिनंदन लागलं. आमच्या लग्नाच्या वाढदिवशी सत्कारही आहे. चेअरमन म्हणाले, श्रीनिवासराव, निवृत्तीनंतर का होईना, काही केलंत. तिथून जिन्याने पळतच वर आलो. आनंदाने असणार.

१३ नोव्हेंबर
फुलझाडांच्या वर्गीकरणातल्या मोठ्या बाई, डॉ. पूर्णिमा, मंगळवारी नमुना तपासायला येणार. मीच बोलावलं होतं. का बोलावलं?

१६ नोव्हेंबर
पुन्हा कात्रज. झुडूप सापडलं. फुलं पांढरी, मोहरीएवढी. प्रत्येक फांदी उलटून पाहिली. जांभळी फुलं बहुधा संपली असावीत.

१७ नोव्हेंबर
ठराव : अजिबात घाबरायचं नाही. मला ताप आलाय, असं बाईंना कळवायचं. कळवत होतो, तेवढ्यात हेमाने फोन घेऊन त्यांना जेवायलाच बोलावलं. नमुन्याला लसणाचा वास येतोय. हेमाची चटणी, दुसरं काय.

१८ नोव्हेंबर
बाई आल्या. वाळलेलं फूल उलगडायला आधी मऊ करावं लागतं, म्हणून त्यांनी ते उकळत्या पाण्यात टाकलं. स्वयंपाकघरभर लसूण. चटणी, मी म्हणालो. हेमा म्हणाली, आज चटणी केलेलीच नाही.
बाईंनी भिंगातून पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. विचारलं, बाल्कनीच्या ग्रिलवर ती जांभळ्या फुलांची वेल कुठली?
हेमा ओरडलीच, अगबाई, माझ्या लसूणवेलीचं फूल! लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांना कार्ड करायचं म्हणून ह्यांच्याच प्रेसमध्ये दाबलं होतं, नंतर सापडेचना.
बाई म्हणाल्या, झुडूप डोंगरावरचं, फूल बाल्कनीतलं. जात नवीन आहे खरी, फक्त निसर्गाला कल्पना नाही. मग शांतपणे जेवल्या. मी त्यांना वाढत राहिलो.

१९ नोव्हेंबर
 सकाळी हेमाने एकच प्रश्न विचारला. रोज जिच्याखाली बसून चहा पिता, ती वेल कुणी आणली? मी म्हणालो, तुझ्या बहिणीने.
ती म्हणाली, तुम्ही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. मांजरी गावातल्या नर्सरीतून.
फलक मीच काढला. चेअरमनची भीती आता वाटत नाही. पार्किंगमध्ये बसून हे लिहितोय. म्हणजे मी तिला कधीच काही दिलं नाही, हे खोटंच ठरलं. पण ते सांगायला वर जावं लागेल.