फिका ठिपका

दि. ९ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिते. वहिनी माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. तुझी लेक रोज विचारायची, बाबा कामगारांच्या खोल्यांवर का राहतात? आम्ही दोघी एकमेकींकडे बघून "काम वाढलंय" म्हणायचो. कालपासून तिनं विचारणंही सोडलंय. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. तू बसवलेला वायसर महिनाभरही टिकला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण राग आला की तू निदान उत्तर तरी देतोस.

फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती, तुझ्या धुतलेल्या शर्टाच्या खिशात. तिनं मधेच उघडून वाचलं तर वाचू दे. तू मला भुंगा म्हणतोस ना, एकदा डोक्यामागे लागले की सुटत नाही म्हणून? तर हा भुंगा आता कागदावरून आलाय.

तुझा फोटो पाहिला. ऑफिसच्या दाराशी लावलाय, चांगला मोठा. डोक्यावर हेल्मेट, शेजारी मॅनेजर साहेब आणि खाली लिहिलंय, "संगणकाने वाचवलेला जीव". तुला हसायला सांगितलं असणार, पण दाढ दुखत असल्यासारखा दिसतोस. परवा वरच्या ऑफिसातली माणसं आली होती. माझ्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी बोगद्यात कोण कुठे आहे ते दाखवणाऱ्या पडद्याचे फोटो काढले. एक जण म्हणाला, "तुम्हाला तसं काही करावं लागत नाही, नाही का? सगळं हाच करतो." मी म्हटलं, "हो, मी नुसती शोभेला." त्याला ते खरंच वाटलं.

आता मुद्द्यावर येते. उद्या दहा वाजता चौकशीची बैठक आहे. अहवाल तयार आहे, माझी सही तेवढी बाकी आहे. त्यात लिहिलंय की सुरुंग उडवण्याआधी बोगद्यात माणूस असल्याचं पडद्यावरून कळलं, काम थांबवलं आणि माणूस सुखरूप बाहेर आला. सोबत तुझा जबाब जोडलाय: "हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं." त्याखाली तुझी सही, शेवटी शेपूट काढलेली.

दादा, पडद्यावर बोगदा रिकामा होता.

तुझं हेल्मेट बाहेर चहाच्या शेडमध्ये खुंटीवर होतं. संगणकाला काही माणूस दिसत नाही, हेल्मेटमधला बिल्ला दिसतो, आणि बिल्ला जिथे तिथे माणूस असं तो धरून चालतो. त्यामुळे माझ्यासमोर शेडमध्ये तुमच्या टोळीचे सगळे ठिपके होते, तुझ्यासकट, आणि बोगद्याच्या पट्टीवर भलंमोठं शून्य. सुरुंगवाला फोनवर विचारत होता, "रिकामा ना, ताई?" मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

नंतर साहेबांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, तुला कळलं कसं? मी म्हटलं, ठिपका फिका होता. ते खूश झाले, लगेच लिहून घेतलं. तो ठिपका कुठे होता हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, तू गेलास त्या वाटेकडे बघत होते. ठिपका फिका होता हे खरंच आहे. हेल्मेट बराच वेळ हललं नाही की बॅटरी वाचवायला बिल्ला झोपतो आणि ठिपका फिका पडतो. पण चहाच्या वेळी सगळेच हेल्मेट काढून ठेवतात, निम्मे ठिपके फिकेच असतात. तेवढ्यावरून मी काम थांबवायला लागले तर तो बोगदा तुझ्या नातवंडांच्या काळातही डोंगरापलीकडे निघायचा नाही.

कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तू रुसला होतास. आणि रुसलेला दादा चार माणसांत बसून चहा पितो? लहानपणी तू रुसलास की जिन्याखाली केरसुण्यांच्या मागे जाऊन बसायचास आणि आई ताट घेऊन तुला घरभर शोधायची. स्वतःच्या लग्नात फोटोवाल्यावर रुसून तू गच्चीवरच्या टाकीमागे जाऊन बसला होतास, वऱ्हाड खाली ताटकळत होतं. आणि इथे पडदा मला सांगत होता की तू टोळीच्या ऐन मध्यावर बसून चहा पितोयस! मी मनात म्हटलं, शक्यच नाही. मग शेडमध्ये नसशील तर कुठे? गार, अंधारी आणि कुणी फिरकत नाही अशी जागा साइटवर एकच, पंपाचा कोनाडा. तो बोगद्याच्या आत, सुरुंगाच्या तोंडाशी.

मी "थांबा" म्हणाले. सुरुंगवाला म्हणाला, "अहो, शून्य दिसतंय ना?" मी म्हटलं, "दिसतंय. तरी थांबा." आणि भोंगा दाबला.

साहेब धावत आले. "कुणी दाबला? का दाबला?" माझा दादा रुसलाय, असं कसं सांगणार? "आत बघून या, एवढंच म्हणते," एवढं कसंबसं म्हणाले. हाळीवाले काका टॉर्च घेऊन आत पळाले. ते परत येईपर्यंत साहेब घड्याळ बघत मला फैलावर घेत होते आणि माझ्या मनात एकच, तू आत नसलास तर माझी नोकरी गेली, आणि देवा, नोकरी जाऊ दे. मग काका तुला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. तुझ्या गालावर पोत्याची नक्षी उमटली होती. झोपला होतास तू! मिठी मारावी की थोबाडीत द्यावी, मला कळेना. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि लंगडत सरळ निघून गेलास. त्या दिवसापासून घरी आला नाहीस.

आता काकांचं ऐक. पूर्वी प्रत्येक सुरुंगाआधी ते शेवटपर्यंत चालत जायचे, कोनाड्याकोनाड्यात डोकावून हाळी द्यायचे. या आठवड्यात त्यांना बसवून ठेवलं होतं, नुसत्या पडद्यावर भागतं का याची चाचणी म्हणून. उद्या अहवाल मंजूर झाला की चाचणी यशस्वी. मंगळवारपासून काकांची फेरी बंद, आणि इथेच नाही, कंपनीच्या सगळ्या बोगद्यांवर बंद. पडद्यानं माणूस वाचवलाय, मग हाळी कशाला? दादा, त्या बोगद्यांतही खुंट्या असतील, त्यांवर हेल्मेटं असतील. आणि पडद्यासमोर जी कुणी बसली असेल तिला आत कोण झोपलंय ते कुठून कळणार?

संगणकावर माझा राग नाही. माझं पोट त्याच्यावर आहे. आत वायू वाढला, छताला तडा गेला तर माझ्या आधी तोच ओरडतो. पण त्यानं जे केलंच नाही ते त्याच्या नावावर कसं लिहू?

तू सही का केलीस तेही कळतं मला. मुकादमाची जागा रिकामी आहे, तुझं नाव वर गेलंय. हेल्मेट काढून आत गेला असं कागदावर आलं तर ती जागा जाईल आणि कदाचित हातातलं कामही. आणि मुकादमाला दिवसभर उकिडवं बसावं लागत नाही. तुझा गुडघा किती बिघडलाय हे मी वहिनीला बोललेली नाही.

मधे उठले होते, नळाखाली भांडं लावायला. खरं म्हणजे उठायला निमित्त हवं होतं. एवढं सगळं लिहिलं, पण तू का रुसला होतास ते अजून लिहिलेलं नाही.

त्या सकाळी तू बूट घालत होतास. मी म्हटलं, "तुझा ठिपका रोज पंपाजवळ इतका वेळ काय करतो रे? गुडघा दाखव डॉक्टरला, नाहीतर मी साहेबांना पडदाच दाखवते." लेकीसमोर म्हटलं, तुझी गंमत केल्यासारखं. तू डबा होता तिथेच ठेवलास. "आता मी श्वास कुठे घेतो तेही बघत बस," म्हणालास आणि गेलास. आणि त्या दिवशी हेल्मेट खुंटीला लावून आत गेलास. ते कंपनीपासून लपवायला नाही, दादा. माझ्यापासून. काळजीपोटी बोलले हे खरं, पण धमकी दिली हेही तितकंच खरं. चुकले मी. चार रात्री हेच डोक्यात फिरतंय, की मी "हो" म्हणाले असते तर तुला माझ्याच जिभेनं आत पाठवलं आणि माझ्याच जिभेनं...

पुढचं लिहवत नाही.

उद्या मी सही करणार नाही. जे झालं ते सांगणार, तुझ्या रुसण्यासकट आणि माझ्या धमकीसकट. हसले तर हसू देत. त्यात तुझा जबाब खोटा ठरेल. मी परवानगी मागत नाही, आधी कळवते आहे, म्हणजे हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. तू स्वतः येऊन जबाब बदललास तर खोटा ठरणार नाहीस, फक्त रुसका ठरशील, आणि ते तर सगळ्या घराला माहीतच आहे. येणार नसलास तरी मी बोलणार. मुकादमकी गेली तर जन्मभर मला ऐकव, मी निमूट ऐकून घेईन. ऐकवायला तू असलास म्हणजे झालं.

दहापर्यंत मी माझ्या खुर्चीवरच असेन. बैठक शेजारच्या खोलीत आहे. तुझा ठिपका कुठवर आलाय ते उद्या मी बघणार नाही, पडद्याकडे पाठ करून बसेन. दाराकडे तोंड करून.

तुझीच,
जन्मभर डोक्यामागे लागलेली
भुंगा