लेकीच्या ड्रमचे कच्चे रेकॉर्डिंग

मी, खाली सही करणारी बाई, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त, लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून, धाकाने किंवा नशापाणी करून केलेले नाही. बुद्धी शाबूत आहे. कानांविषयी तसे म्हणता येणार नाही. एकतीस वर्षे मी रुग्णालयात लोकांचे कान तपासले. हेडफोन लावायचा आणि सांगायचे, "आवाज आला की बोट वर करा." मागच्या महिन्यात स्वतःचे कान तपासून घेतले, तेव्हा बारीक, उंच आवाजांना माझे बोट वर गेलेच नाही. हे उतरणे बऱ्याच वर्षांचे असणार. ते इथे का लिहिले, ते कलम पाचमध्ये येईल.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे धाकट्या भावाला दिले होते. तो रागाच्या भरात केलेला उद्योग होता.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला. घर विकायचे तर खुशाल विकावे. फक्त मागच्या खोलीचे दुहेरी दार घेणाऱ्याला नीट समजावून द्यावे. सुताराने ते दोनदा केले. दुसऱ्यांदा त्याने मला बाहेर उभे केले आणि आत बसून पाच मिनिटे बोंबा मारल्या. मला अगदी पुसट ऐकू आले. तेव्हा माझे कान चांगले होते.

कलम २. ड्रमसेट मुलीला. तो तिचाच आहे, पण घर माझे असल्याने लिहावे लागते. ती सातवीत असताना तिच्या बाबांनी तो मला न विचारता कुणाकडून तरी वापरलेला आणला. मी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी ते रिकाम्या पिंपासारखे घुमणे असह्य झाले, म्हणून मोठ्या ड्रमच्या पोटात जुनी उशी कोंबली. आवाज एकदम आवरला, गोल झाला. त्यानंतर माझे काही खरे राहिले नाही. सेटखाली गालिचा आला, कोपऱ्यांत गाद्या उभ्या राहिल्या, आणि सुट्टीचा दिवस ड्रमच्या कडेचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने पिळण्यात जाऊ लागला. तिचे बाबा म्हणायचे, "मी पोरीसाठी आणला होता, तू कुठे मध्ये शिरलीस?" ते गेल्यालाही आता नऊ वर्षे झाली.

कलम ३. तिन्ही माइक, तारा आणि दोन गाठींची सुतळी मुलीला. सुतळी फेकू नये. वरचे दोन माइक स्नेअरच्या, म्हणजे मांडीजवळच्या करकरीत ड्रमच्या, मध्यापासून सुतळीने मोजून अगदी सारख्या अंतरावर हवेत. नाहीतर त्याचा आवाज पोकळ होतो आणि माणूस महिनाभर यंत्राला दोष देत बसतो. मी दीड महिना बसले होते.

कलम ४. मागच्या खोलीच्या भिंतीवरचे अंड्यांचे दोनशे चाळीस पुठ्ठे धाकट्या भावाला. त्यानेच ते हौसेने चिकटवले आणि "ताईला स्टुडिओ करून दिला" असे गावभर सांगितले. त्या पुठ्ठ्यांनी आवाजात तसूभरही फरक पडला नाही. त्याने ते स्वतःच्या हाताने काढून न्यावेत.

कलम ५. कपाटाच्या वरच्या खणात सुईदोऱ्याच्या डब्यात एक डिस्क आहे. ती मुलीला.

सहा वर्षांपूर्वी मुलीच्या बँडने तीन गाणी केली. ड्रम आमच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड झाले. मुलीचा हात स्नेअरवर किंचित उशिरा पडतो. लहानपणापासून तसाच. तिचे बाबा त्याला आळशी हात म्हणायचे आणि त्यावरच मान डोलवायचे. संगणकाच्या पडद्यावर मात्र प्रत्येक ठोका तालाच्या रेघेच्या मागे राहिलेला दिसतो. मी अकरा दिवस बसून एकेक ठोका ओढून रेघेवर आणला. जिथे आवाज पडेल वाटला, तिथे तिचाच एक चांगला ठोका उचलून सगळीकडे चिकटवला. कानांचे उतरणे तेव्हाच सुरू झाले होते, आणि जे ऐकू येईना ते मी डोळ्यांनी भरून काढत होते. मला ते कळले नाही, ही माझी चूक. आयुष्यभर लोकांच्या कानांचे आलेख काढले, पण स्वतःचा काढायचे सुचले नाही.

बँडमधले सगळे खूश झाले. मुलीने एकदा ऐकले आणि म्हणाली, "छान झालंय आई. पण हे वाजवतंय कोण?" तिने मूळ रेकॉर्डिंग मागितले. मी पुसले म्हणून सांगितले. तीन महिन्यांत तिने बँड सोडला. तेव्हापासून काठ्यांना हात लावलेला नाही. रविवारी फोन करते. माझ्या गोळ्या आणि नळाचे पाणी, एवढेच बोलणे होते.

डिस्कवर ते मूळ रेकॉर्डिंग आहे. मी ते पुसले नव्हते. मला तिची क्षमा हवी आहे.

पुरवणी (हाताने लिहिलेली). आज सकाळी वकीलबाई टाइप केलेले कागद आणि दोन साक्षीदार घेऊन आल्या. कलम पाचपाशी त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे हे तिला तुम्ही गेल्यावर कळणार. तोवर तिने काय करायचं?"

मी म्हटले, बोलावून ती येणार नाही. त्यांनी स्वतःच फोन लावला. मुलगी तासाभरात धावत आली, मला धडधाकट पाहून चिडली, आणि मग मी डबा तिच्यापुढे ठेवला.

तिने तिन्ही गाणी उभ्यानेच ऐकली.

"पुसलं म्हणाली होतीस."

"खोटं बोलले. तू ऐकलं असतंस तर माझी चूक उघडी पडली असती."

"सहा वर्षं, आई!"

तिने नाक पुसले.

"तिसऱ्या गाण्यात मी खरंच घसरलेय गं."

"हो. तिथे घसरली आहेस. बाकीच्या दोन्हींना मी हात लावायला नको होता."

"नकोच होता," ती म्हणाली. मग ती मागच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले. साक्षीला आलेल्या सुताराने विचारले, "माइक लावून देऊ का?" मी नको म्हटले.

वस्तू हयातीतच दिल्याने कलम पाच रद्द. क्षमेबद्दल मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. उरलेली कलमे कायम.

साक्षीदार म्हणतात, आत झांजा वाजत आहेत. मला त्या ऐकू येत नाहीत. मोठा ड्रम फरशीतून पायाला लागतो. मधला स्नेअर मला पुसटच येतो, पण येतो. किंचित उशिरा येतो आहे. बरोबर येतो आहे.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार : १. सुतार (सही) २. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक (सही)

दिनांक : बुधवार, सकाळचे पावणेबारा

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली. मागची खोली वापरात आहे.