मेंढ्यांचा चांदीचा कप

कंब्रिया, मे २००१

ताई,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितोय. जयंताला इंग्लंडात चांदीचा कप बक्षीस मिळाला, असं तू पुण्यात सगळ्यांना सांगितलंस. तुझी चूक नाही. फोनवर मीच तसं सांगितलं होतं.

तो कप इथले एक शेतकरी मिस्टर हॉजसन यांच्या पणजोबांना १८७२च्या शेतकी प्रदर्शनात उत्तम मेंढ्यांसाठी मिळाला होता. त्याच मेंढ्यांचा वंश या घराने सव्वाशे वर्षं जपला. मार्चमध्ये मी तिथे सरकारी व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, म्हणून गेलो. एका मेंढीच्या तोंडात फोड दिसला, आणि लाळ्या-खुरकूत आहे म्हणून मी कागदावर सही केली. साथ पसरू नये म्हणून नियमाप्रमाणे सगळा कळप मारण्यात आला; संध्याकाळपर्यंत गोठ्यात एकही मेंढी जिवंत नव्हती. निघताना हॉजसननी कप माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "घेऊन जा डॉक्टर. आता हा कशासाठी ठेवू?" मला नाही म्हणता आलं नाही.

नऊ दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला. रोग नव्हताच.

कस्तुरीलाही यातलं काही माहीत नाही. नवऱ्याचं बक्षीस म्हणून तिने कप रांगोळीने घासून देवापुढे ठेवलाय. त्यावर कोरलेला मेंढा आता अगदी स्पष्ट दिसतो.

दोनदा कप घेऊन त्यांच्या फाटकापर्यंत गेलो आणि गाडी वळवली. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, असं आई म्हणायची. घरात काही नसलं तर ती चिमूटभर साखर घालायची.

या कपात मी काय घालून नेऊ, ताई?

तुझा,
जयंत