टपोरा दाणा

१४ मे

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही इकडे खुशाल. तुम्हीही असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. वहिनीची कंबर कशी आहे? तिला काल फोन केला होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "त्यांनाच विचारा बाई, मला त्यातलं काही कळत नाही." कशातलं, दादा?

तुझ्या गव्हाचा नमुना गिरणीत पोचला. प्रथिनं साडेतेरा टक्के; पाव फुगायला बारा तरी लागतात. यंदा आमच्या प्रयोगशाळेत दुसरा एकही गहू साडेदहाच्या वर गेलेला नाही. दाणा भरायच्या दिवसांत सगळीकडे गारवा आणि पाऊस होता. अशा हवेत दाण्यात पिठूळ भाग भरत राहतो आणि प्रथिनांचा वाटा घटतो. गेल्या वर्षी उन्हानं दाणा भरण्याआधीच सुकवला, तेव्हा बारीक, सुरकुतलेल्या गव्हात तेरा-चौदा मिळत होते. तुझ्या पिशवीतला दाणा बारीक आणि सुरकुतलेला आहे.

म्हटलं, उगाच संशय नको, एखादं शेत पावसातून सुटतंही. मग तुझं मागचं पत्र काढलं. "पाऊस थांबायचं नाव घेत नाही, पण दाणा असा टपोरा भरलाय की बघत राहशील!" किती हौसेनं लिहिलंयस. टपोऱ्या दाण्यात प्रथिनं कमी, हे तुला माहीतच नव्हतं. गेल्या वर्षीचा गहू पास झाला होता, म्हणून कोठीतला तोच भरून पाठवलास ना?

आता मी टाळत होते ते सांगते. पिशवीवर तुझं अक्षर दिसलं आणि दाणा हातात न घेताच मी मंजुरीची सही केली. यंत्र पुसून पुन्हा तीनदा मोजलं ते नंतर. तरी तीन दिवस सही तशीच राहू दिली. त्या सहीवर तुझा यंदाचा माल पाववाल्यांकडे जाणार, पाव फुगला नाही की ते गिरणीला धरणार आणि गिरणी मला. "भाऊच ना तुमचा?" साहेबांनी हसत विचारलं. मला ते हसू आवडलं नाही.

आज सकाळी सही रद्द केली. कारण लिहिलं, 'नमुना जुन्या पिकाचा असल्याचा संशय.' खाली 'पुरवठादाराशी नातं' असा रकाना होता. तो भरताना साहेबांसमोरच रडले.

गुरुवारी माल आणू नकोस. बिस्किटवाल्यांना टपोराच गहू लागतो, रे. एका शब्दानं विचारलं असतंस तर मीच पत्ता दिला असता.

रकान्यात लिहिलं तेच इथेही लिहिते,

तुझी सख्खी बहीण